नळ आठ दिवसांनी येतो, टाकी केवढी घ्यावी?

मागच्या अंकात घरातल्या पाणीसाठवणीवर प्रश्न मागवले होते, आणि ऊन तापायला लागलं तशी धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून इतकी पत्रं आली की सगळी छापणं शक्यच नाही. सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे सगळीकडे येणारच आहे. टाकी केवढी घ्यायची हे सगळे विचारतात, पण त्या टाकीत पाणी किती दिवस पडून राहतं आणि ते नीट झाकलेलं असतं का, हे फार कमी जण विचारतात, आणि आजारपणं शिरतात ती तिथूनच.

प्रश्न : ताई, आम्ही देवपूरला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहा जण. नळ आठ दिवसांनी येतो, कधी दहावा दिवसही उजाडतो. वर ५०० लिटरची टाकी आहे आणि बाथरूमबाहेर तीन ड्रम. आमचे मिस्टर म्हणतात एकदाच ५००० लिटरची टाकी बसवून टाकू म्हणजे कटकट मिटेल. घ्यावी का? (एक भगिनी, धुळे)

उत्तर : ताई, पैसे खर्च करायच्या आधी दोन मोजमापं करा, दोन्ही फुकट आहेत.

पहिलं, घरात रोज किती पाणी लागतं. शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, पण नळ आठवड्याने येतो तिथे एवढं कोणीच वापरत नाही. आंघोळीला एक बादली, कपडे, भांडी, संडास, प्यायला-स्वयंपाकाला, असं सगळं धरून माणशी ७० लिटरमध्ये घर चालतं. जुना फ्लश एका वेळी १० लिटर ओढतो, तो बंद करून बादलीने पाणी टाकलं तर अजून वाचेल. म्हणजे तुमचे ६ जण गुणिले ७० लिटर, रोजचे ४२०. आठ दिवसांचे झाले ३३६०. आता त्यात उशिराचे तीन दिवस धरायचेच, ते १२६०. आणि मे महिन्यात कूलर, तो रोज तीन-चार बादल्या सहज पितो आणि हिशोबात कोणीच धरत नाही. सगळं मिळून ५००० च्या आसपास जातं, तेव्हा मिस्टरांचा अंदाज वापराच्या बाजूने बरोबर आहे.

पण दुसरं मोजमाप केल्याशिवाय टाकी आणू नका. नळ आला की १५ लिटरची बादली लावा आणि मोबाईलवर वेळ बघा. बादली एका मिनिटात भरली तर तासाला ९०० लिटर. नळ दोन तास चालला तर १८०० लिटर. मग ५००० ची टाकी घेऊन काय उपयोग, ती कधी भरणारच नाही, उलट तळाला हातभर पाणी आणि वर रिकामी जागा, त्यात ऊन लागून पाणी कढत होणार. आणि १८०० लिटर आठ दिवस सहा माणसांना म्हणजे माणशी रोजचे ३७ लिटर पडतात, तेव्हा तुमची अडचण टाकीची नसून नळातून येणाऱ्या पाण्याची आहे हे आधी कळेल.

आलेलं पाणी जास्त घ्यायचं तर जमिनीतला हौद हा उपाय. वरच्या टाकीत चढायला पाण्याला प्रेशर लागतं, १० मीटर उंच चढवायला एक बार, आणि आपल्याकडे लाईनमध्ये तेवढं प्रेशर राहतच नाही. तेच पाणी रस्त्याच्या पातळीखालच्या हौदात आपोआप उतरतं, रात्री अडीचला नळ आला तरी कोणाला उठायची गरज नाही. फ्लोट कॉक लावलेला असला की भरल्यावर बंदही होतं. हौदाचं माप काढायला सोपं गणित आहे, लांबी रुंदी आणि पाण्याची उंची फुटात घेऊन गुणायचं आणि त्याला २८.३ ने गुणायचं, लिटर मिळतात. ६ फूट लांब, ५ फूट रुंद आणि आत साडेचार फूट पाणी उभं राहिलं तर १३५ घनफूट, म्हणजे ३८०० लिटर. वर १००० ची टाकी. दोन्ही मिळून तुमचं काम होतं, फक्त बादलीच्या हिशोबात तेवढं पाणी खरंच येत असेल तर.

हौद खणताना काळी माती असेल तर सावध. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या उगाच नाही. नुसत्या विटांचा हौद दोन-तीन वर्षांत तडकतो आणि मग तुमचं पाणी बाहेर जातं किंवा त्याहून वाईट म्हणजे बाहेरचं आत येतं. आरसीसी करा, भोवती माती न भरता मुरूम भरा. संडासाच्या टाकीपासून निदान १५ फूट लांब ठेवा. झाकणाची कड जमिनीपेक्षा अर्धा-पाऊण फूट वर हवी, कारण आपल्याकडे रस्त्यावर काँक्रिटवर काँक्रिट चढतं, घरं खाली जातात आणि पहिल्या जोराच्या पावसाला गटारीचं पाणी हौदात.

आणि एक विनंती, मनापासून. नळाला डायरेक्ट टुल्लू पंप लावू नका. गल्लीतले सगळे लावतात म्हणून आपणही लावायचा असं झालंय खरं, पण मोटर लाईनमध्ये ओढ निर्माण करते आणि जिथे पाईपला बारीक चीर असेल तिथून गटारीचं पाणी आत खेचलं जातं. कावीळ, टायफॉईड, जुलाब असेच पसरतात. शिवाय कायद्याने बंदी आहे, मोटर जप्त होते ते वेगळंच. आधी पाणी आपोआप हौदात पडू द्या, मग हौदातून वर न्यायला लागेल ती मोटर लावा. नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं येणारं गढूळ पाणी हौदात जाऊ देऊ नका, त्यासाठी हौदाच्या आधी एक साधी तोटी काढून ठेवा, ते पाणी झाडांना नाहीतर ओटा धुवायला.

आठाचे दहा-अकरा दिवस का होतात असंही तुम्ही पुढे विचारलंय. धुळ्याला तापीवरून पाणी उचलून आणतात, जळगावला वाघूर धरणातून, नंदुरबारला विरचकातून. पंपावरची लाईट गेली किंवा मोठी लाईन फुटली की एका भागाचा दिवस चुकतो आणि त्याच्या मागचे सगळे भाग पुढे ढकलले जातात. म्हणून ते तीन दिवस जास्तीचे धरायला सांगितले.

प्रश्न : आमचं घर जुनं धाब्याचं आहे, पुढची एक खोली मात्र स्लॅबची. पोरगा म्हणतो धाब्यावरच १००० लिटरची टाकी ठेवू, वर जागा भरपूर आहे. ठेवता येईल का? (एक आप्पा, अमळनेर)

उत्तर : नाही आप्पा, धाब्यावर अजिबात नाही. १००० लिटर पाणी म्हणजे १ टन वजन, आणि ते सगळं एका गोल जागेवर, साधारण एका चौरस मीटरवर. लाकडी सर आणि वर मातीचा थर, त्यात पावसाळ्यात माती भिजून आधीच जड झालेली, आणि टाकी ओव्हरफ्लो झाली की रोज तिथेच पाणी मुरणार. सर आतून किडलेला असला तरी खालून कळत नाही.

स्लॅबवरही मधोमध नको. घराच्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० ते २०० किलो वरच्या वजनाच्या हिशोबाने टाकलेला असतो, टाकी त्याच्या पाचपट भरते. जिथे खाली भिंत किंवा बीम आहे, म्हणजे कोपऱ्यात, तिथेच. आणि खोली जुनी असेल तर एकदा मिस्त्रीला नाही, इंजिनिअरला दाखवा. त्यापेक्षा तुमच्या अंगणात अँगलचा स्टँड करून ५०० ची टाकी ठेवली तरी खालच्या नळांना पुरेसं प्रेशर येतं, सात-आठ फूट उंची बास होते. स्टँडच्या पायांना काँक्रिटचं फाउंडेशन द्या, आपल्याकडे जूनच्या वादळात रिकामी टाकी उडते, तेव्हा ती बांधूनही ठेवा.

टाकीखाली मात्र पूर्ण सपाट फळी किंवा फरशी पाहिजे, टाकीच्या बुडापेक्षा चार बोटं मोठी. दोन दगड नाहीतर चार विटा लावून टाकी बसवलेली मी गावोगाव बघते. भरलेली टाकी उन्हात मऊ होते, दगडांच्या मधला भाग खाली फुगतो, आणि मग बुडाला आधी एक पांढरट रेघ दिसते, केसासारखी, बोट फिरवलं तर लागतही नाही. काही महिन्यांनी तिथूनच पाणी ठिबकतं. कंपनीकडे गेलं तर ते आधी फोटो मागतात कशावर ठेवली होती म्हणून.

विकत घेताना टाकीवर आयएस १२७०१ लिहिलेलं आहे का बघा. आतला-बाहेरचा रंग दुकानदार काहीही सांगो, झाकण उघडून टाकीत डोकं घालून बघा, उजेड आरपार दिसत असेल तर घेऊ नका. उजेड गेला की शेवाळ आलंच. बाहेरून पांढरी, मधे काळा थर अशी टाकी आपल्या ४५ डिग्रीत पाणी थोडं कमी तापवते.

प्रश्न : मी भुसावळला भाड्याच्या एका खोलीत राहतो, घरमालक टाकी बसवू देत नाहीत. ड्रम कुठला घ्यावा? (एक वाचक)

उत्तर : २०० लिटरच्या एका ड्रमपेक्षा १०० चे दोन घ्या दादा. एक वापरात असताना दुसरा बंद राहतो आणि धुवायला एकटा माणूस आडवा करू शकतो. झाकण घट्ट बसणारं हवं आणि बुडापासून चार इंचावर तोटी बसवून घ्या म्हणजे आत मग बुडवून पाणी काढायची वेळच येणार नाही. प्यायचं पाणी वेगळं, २० लिटरच्या दोन कॅनमध्ये.

भंगार बाजारात निळे ड्रम स्वस्तात मिळतात, त्यांच्यापासून लांब राहा. त्यातले बरेच एमआयडीसीतल्या केमिकलचे असतात, कितीही धुतले तरी प्लास्टिकने आतून शोषलेलं निघत नाही. ड्रममध्ये आधी काय होतं हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, किंवा वास येतो, तर तो कपडे धुवायच्या पाण्यालाही नको. खाण्याचं तेल किंवा रस आलेला ड्रम चालतो.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीला डेंग्यू झाला. आरोग्यवाले आले, त्यांनी आमचे सगळे भरलेले ड्रम ओतून दिले, मी अक्षरशः रडले कारण नळ पाच दिवसांनी येणार होता. पाणी साठवू नका म्हणतात, मग जगायचं कसं? (एक आई, जळगाव)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकराचं आजारपण आणि वर घरातलं पाणी गेलेलं, हे सोसणं सोपं नाही. पण तुम्हाला "साठवू नका" एवढंच सांगून ते गेले, ते अर्धंच सांगितलं. साठवायचं, पण डासाला त्यात अंडी घालता येणार नाहीत असं साठवायचं.

हा डास, एडीस, गटारीत होत नाही. त्याला आपलं स्वच्छ साठवलेलं पाणीच लागतं. चावतो दिवसा. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला चिकटवते. काळे बारीक ठिपके, तिळाहूनही लहान, काजळी वाटते. भांडं वाळलं तरी ती मरत नाहीत, कित्येक महिने तशीच टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन काम होत नाही, आतून काथ्या किंवा तारेच्या ब्रशने घासावं लागतं, विशेषतः जिथपर्यंत पाणी असतं त्या कडेला. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. आता बघा, नळही आपल्याकडे तितक्याच दिवसांनी येतो. पहिल्या दिवशी भरलेला ड्रम शेवटी वापरू म्हणून आपण कोपऱ्यात ठेवून देतो, आणि तोच ड्रम डासाला पूर्ण वेळ देतो.

त्यामुळे पहिलं काम, ड्रमना खडूने तारीख घाला आणि जुनं पाणी आधी वापरा. नवं आलं की त्याच ड्रममध्ये वरून भर घालायची सवय तर पूर्ण सोडायची, जो रिकामा झाला तोच घासून भरायचा. दुसरं, झाकण. ड्रमचं झाकण हरवलं असेल तर जुनं सुती पातळ दुहेरी करून वरून ताणून बांधा, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिने आवळलं तर फटही राहत नाही. कापड सैल सोडलं आणि ते पाण्याला टेकलं तर त्या खोलगटातही अंडी घालतात, म्हणून ताणूनच. टाकीच्या ओव्हरफ्लो पाईपला आणि हवेच्या पाईपला बारीक जाळी बांधा, हे प्लंबर कधीच स्वतःहून करत नाहीत.

आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा असं आरोग्य खातं सांगतं ते बरोबरच आहे, फक्त तो दिवस नळाच्या आदल्या दिवशी ठेवा म्हणजे पाणी वाया जात नाही. उरलेलं पाणी फरशीला, संडासात, झाडांना. त्या दिवशी कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं हे सगळं रिकामं करून घासा. कूलर उन्हाळा संपला की पाणी काढून, गवताच्या जाळ्या वाळवून मगच ठेवा. गच्चीवर नारळाची करवंटी किंवा फुटका टायर पडलेला असला तर तोही उचला, पाऊस पडला की तिथे सुरू होतं.

आरोग्यसेवक टाकीत अ‍ॅबेटचे थेंब टाकायला आले तर त्यांना नको म्हणू नका. ठरलेल्या प्रमाणात टाकलं तर पाण्याला काही होत नाही, अळी मात्र मरते. मोठा वापराचा हौद असेल आणि तो घासायला उतरणं शक्य नसेल तर त्यात गप्पी मासे सोडतात, आरोग्य केंद्रात मिळतात. प्यायच्या हौदात नको.

प्रश्न : टाकी धुवायची कशी आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती घालायची? आमच्याकडे अंदाजे मूठभर घालतात, मग दोन दिवस वासाने पाणी तोंडात घालवत नाही. (एक जिभाऊ, पारोळा)

उत्तर : जिभाऊ, मूठभर म्हणजे फारच झालं. नळाचं नितळ पाणी असेल तर १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली, ताजी टीसीएल पुरते. चहाचा चमचा अर्ध्यापेक्षा थोडा जास्त, एवढीच. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्या, वरचं नितळ घ्या आणि मग ५ ग्रॅमपर्यंत. गाळ तसाच ठेवून कितीही पावडर घातली तरी ती गाळातच संपते.

डायरेक्ट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या मगमध्ये थोड्या पाण्यात कालवा, पातळ लापशीसारखं, नंतर तो मग भरेपर्यंत पाणी घाला आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. चुना खाली बसतो. वरचं नितळ पाणी टाकीत सोडायचं, खालचा चुना नाही. टाकीतलं पाणी एकदा ढवळायचं, निदान तासभर हात लावायचा नाही. तासाने पाण्याला हलकासा वास यायला हवा, नाकात शिरणारा नको. वास अजिबात आला नाही तर पावडर जुनी झालेली आहे. ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतं, पण पुडीचं तोंड उघडं राहिलं, त्यात आपलं ऊन, ते उडून जातं आणि उरतो नुसता चुना. काळ्या पिशवीत, घट्ट डब्यात, सावलीत ठेवा. स्टीलच्या भांड्यात कालवू नका, आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडबरोबर तर चुकूनही एकत्र करू नका, जो वायू निघतो तो छातीत भरतो आणि माणूस दवाखान्यात पोचतो.

टाकी धुवायची तीही नळाच्या आदल्या दिवशी, पाणी कमी असताना. तळाचा गाळ हलवायच्या आधी चार बादल्या नितळ पाणी काढून ठेवा, तेच धुवायला होतं. घासून गाळ काढला की १० लिटर पाण्यात टीसीएलचा एक मोठा चमचा कालवून ते ब्रशने आतून सगळीकडे लावा, अर्धा तास ठेवा, मग थोड्या पाण्याने दोनदा खळबळून काढा. पुस्तकात टाकी पूर्ण भरून जास्त क्लोरीनचं पाणी रात्रभर ठेवायला सांगतात, पण पाण्यासाठी तरसणाऱ्या घरात हजार लिटर असं ओतून द्या म्हणायला मला जड जातं, आणि घासून ब्रशने लावलं तर घरच्या टाकीला ते पुरतं.

हौदात उतरायचं असेल तर जिभाऊ, पुढचं नीट वाचा, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. बंद हौदात हवा कमी असते. झाकण उघडल्या उघडल्या माणूस खाली उतरतो, त्याला भोवळ येते, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, आणि दोघंही जातात. अशा बातम्या दरवर्षी येतात. झाकण सकाळी उघडा, दुपारपर्यंत तसंच राहू द्या, शक्य असेल तर टेबल फॅनचा वारा आत सोडा, पंखा मात्र बाहेरच ठेवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दुसरा माणूस, तो हलायचा नाही. मोटरचा प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद नको. पाणी उपसायला डिझेल-पेट्रोलचा पंप आत उतरवू नका, त्याचा धूर मिनिटांत मारतो. आणि खाली कोणी पडलंच तर मागे उडी मारायची नाही, दोराने ओढायचं आणि हाका मारून माणसं गोळा करायची.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही लेकी, जावई, नातवंडं येतात, घरात दहा-बारा माणसं. त्याच वेळी पाण्याची बोंब, शिवाय बिबडे-कुरडयांचं वाळवणही तेव्हाच. प्यायचं पाणी किती भरून ठेवू, आणि उकळलेलं किती दिवस चालतं? (एक काकू, चाळीसगाव)

उत्तर : काकू, प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ८ लिटर धरा. १२ माणसं, ५ दिवस म्हणजे ४८० लिटर, हे वापराच्या पाण्यापासून पूर्ण वेगळं. बिबडे-कुरडयांचं मात्र आखाजीच्या आधी उरकून घ्या, गहू भिजवून रोज पाणी बदलायला लागतं ते पाहुण्यांच्या दिवसांत परवडत नाही. तुमच्याकडे गिरणेचं आवर्तन, म्हणजे धरणातून नदीत पाणी, कधी सुटणार ही बातमी पेपरात येतेच, नदीकाठच्या कितीतरी योजना त्याच्यावर आहेत, तिच्यावर लक्ष ठेवून दिवस ठरवा.

पाणी खळखळ उकळलं की मिनिटभर तसंच राहू द्यायचं, पुरे. गार झाल्यावर झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत वापरा, त्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही कारण त्यात क्लोरीन राहिलेलं नसतं आणि एक खरकटा पेला बुडला की सगळं गेलं. सगळे ४८० लिटर उकळायला गॅस कोण देणार, तेव्हा साठा क्लोरीनचा ठेवा आणि लहान नातवंडांपुरतं रोजचं रोज उकळा. आशाताईंकडच्या क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटरला. माठातून, रांजणातून काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, मुलं हात घालतात तिथेच बिघडतं. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही, तो दोन-तीन दिवसांनी आतून नुसत्या हाताने घासून धुवा, साबण नको.

प्रश्न : आमच्याकडे बोअर आहे पण पाणी जड, साबणाला फेस येत नाही. नळाचं आणि बोअरचं एकाच टाकीत येतं. लाईट गेली की मोटर बंद, हौद भरलेला असून वर थेंब नाही. काय करता येईल? पावसाचं पाणी भरता येईल का हेही सांगा. (एक वाचक, शहादा)

उत्तर : दादा, दोन्ही पाणी एका टाकीत आणू नका, नळाचं चांगलं पाणीही त्यात वाया जातं. बोअरला वेगळी टाकी, तिची लाईन फक्त संडास, कपडे आणि फरशीला. आणि बोअरची लाईन नळाच्या पाईपला कुठेही जोडलेली असेल तर ती आजच तोडा, मधे कॉक आहे म्हणून चालतं असं समजू नका. कॉक एकदा गळला की तुमच्या बोअरचं पाणी शेजाऱ्याच्या नळात.

पावसाचं जरूर भरा. छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरला १ लिटर मिळतं. ५०० चौरस फुटांचं छत म्हणजे ४६ चौरस मीटर, २० मिलिमीटरची एक सर आली की गळती वगळून ७०० लिटर हातात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. पुढचं कापडातून गाळून बोअरच्या टाकीत घ्या, जड पाणी जरा हलकं होतं, कपड्यांना लगेच फरक कळेल.

आता लाईटचं. १ एचपीच्या मोटरला चालू होताना एकदम कितीतरी पट करंट लागतो, घरातला पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर तो देऊ शकत नाही, जळून बसतो. त्यापेक्षा वरच्या टाकीतच राखीव पाणी ठेवा. टाकीची नेहमीची लाईन बुडापासून एक फुटावर काढायची आणि बुडाला दुसरा, वेगळा कॉक द्यायचा. रोजच्या लाईनला पाणी येईनासं झालं तरी १००० लिटरच्या टाकीत खाली २०० लिटरहून जास्त पाणी शिल्लक असतं, खालचा कॉक उघडला की ते मिळतं. घरातल्यांना पाणी संपल्याचं वेळेत कळतं हा त्यातला मोठा फायदा. भोक कंपनीने टाकीला जिथे सपाट जागा ठेवलेली असते तिथेच पाडायचं, गोलाईवर पाडलं तर ते गळणारच. मात्र हे तळाचं पाणी महिनोन्महिने तसंच ठेवायचं नाही, नळ आला की भरायच्या आधी खालचा कॉक उघडून ते कपड्यांना काढून घ्या, सोबत गाळही निघून जातो. खालच्या हौदाला हाताने मारायचा छोटा पंप बसवून मिळतो, जागा असेल तर तोही बसवून ठेवा, नाहीतर दोर लावलेली झाकणाची बादली हौदाजवळ वेगळी टांगून ठेवा आणि ती दुसऱ्या कशाला वापरू देऊ नका.